वेग कोठे अडतो?



वसंत व्याख्यानांचे दिवस हे आंब्याचेही दिवस असतात. तेव्हा आंब्यापासूनच सुरुवात करतो. एका बागेतले, एका झाडाचे आंबे उतरवले, तरी ते सारे एका तोलाचे निघत नाहीत. बागायतदार त्यांची निवड करतो, वजनाप्रमाणे प्रत लावतो आणि पेटीवर तसा आकडा घालतो. पेटीवरचा आकडा हा बागायतदाराचा शब्द असतो. पण पेटीतला एखादा आंबा त्या आकड्याहून सरस निघण्याचा संभव असतोच. संगणकाच्या प्रोसेसरचा, म्हणजे त्याच्या मेंदूचा, व्यवहार याहून फार निराळा नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, एकाच आराखड्याने, शेकडो चिपा एकदम घडवल्या जातात. त्यांतली एखादी अधिक वेग सोसते, एखादी कमी. कारखान्यात त्यांची परीक्षा होते, प्रत लागते, आणि पाठीवर वेगाचा आकडा छापला जातो.

या छापील आकड्यापेक्षा अधिक वेगाने चिप चालवण्याचा उद्योग घरोघरचे हौशी लोक गेली चाळीस वर्षे करीत आले आहेत. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग थोडाथोडा वाढवीत न्यावा, आणि मग एका आकड्यावर यंत्राने हटून बसावे. पडदा काळा पडावा, किंवा काम चालू असताना मध्येच सारे थिजावे, हा अनुभव त्या प्रत्येकाला आलेला आहे. मग प्रश्न पडतो, आता पुढे का जात नाही? आजच्या माझ्या विषयाचा प्रश्न तेवढाच आहे. तो वरवर पाहता एखाद्या तंत्रज्ञाच्या टेबलावरचा क्षुल्लक प्रश्न वाटेल. परंतु माझे म्हणणे असे की, जो प्रश्न १९९८ मध्ये हौशी पोरांना पडला, तोच २००० मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या चिप कारखान्याला पडला, आणि २००४ मध्ये तोच साऱ्या संगणक उद्योगापुढे उभा राहिला. तिन्ही वेळी ज्यांनी ‘आणखी जोर लावा’ एवढेच केले ते फसले, आणि ज्यांनी ‘अडले कोठे?’ हे शांतपणे शोधले त्यांना वाट सापडली. तिचा इतिहास आपणापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम हा वेग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरच्या पोटात ट्रान्झिस्टर नावाचे लक्षावधी, आज तर अब्जावधी, सूक्ष्म खटके असतात. ते सर्व एका तालावर चालतात. तबलजीने ठेका धरावा आणि गायक, सारंगीवाला, तंबोरेवाला या सर्वांनी त्या ठेक्याच्या आधाराने चालावे, तसा हा प्रकार आहे. एका ठोक्यास प्रत्येक खटक्याने आपले छोटे काम आरंभावे आणि पुढचा ठोका पडण्याच्या आत ते पुरे करावे, असा करार असतो. लय वाढवली की काम अधिक होते, हे उघड आहे. परंतु द्रुत लयीत एखादी लांब तान सम येण्यापूर्वी संपली नाही, तर गायक समेला चुकतो. प्रोसेसरमध्येही असेच होते. त्याच्या आत हजारो वाटा असतात. काही आखूड, काही लांब. सर्वांत लांब वाटेवरचा संकेत पुढच्या ठोक्यापूर्वी मुक्कामाला पोहोचला नाही, तर तेथे एकच्या जागी शून्य वाचले जाते. दिंडीचा वेग तिच्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या वारकऱ्यावर ठरतो. चिपचा वेगही तिच्यातल्या सर्वांत लांब वाटेवर ठरतो.

हा ताल देणारी वस्तू म्हणजे क्वार्ट्झचा, गारगोटीच्या जातीच्या खनिजाचा, एक लहानसा स्फटिक. स्फटिकावर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, हा शोध झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. याच्या उलट, वीज दिली असता स्फटिक नियमाने कंप पावतो, या गुणाचा उपयोग पुढे घड्याळांत आणि संगणकांत झाला. इंटेल कंपनीचा ४००४ हा पहिला प्रोसेसर १९७१ मध्ये एका जपानी गणनयंत्रासाठी तयार झाला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ताल होता सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोक्यांचा. दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, आयबीएमने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, त्याचा ताल ४.७७ मेगाहर्ट्झ होता. म्हणजे सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके. त्यातला ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झ सोसणारा होता. मग तो ४.७७ वर का बांधला? अमेरिकेतल्या रंगीत टेलिव्हिजनचा संकेत ज्या तालावर चालतो, त्याच्या चौपटीचा स्फटिक बाजारात स्वस्त मिळे. तोच बसवला, त्याच्या तालाला तिनाने भागले, तो प्रोसेसरला मिळाला, आणि पडद्यावरच्या रंगांची सोयही त्याच स्फटिकावर झाली. सांगावयाचे ते असे, की यंत्राचा वेग आरंभापासूनच केवळ चिपच्या क्षमतेवर ठरत नव्हता. तो सोयीवर, किमतीवर आणि शेजारच्या भागांवरही ठरत होता. ही गोष्ट पुढे आपणास उपयोगी पडणार आहे.

१९८४ मध्ये आयबीएमचा एटी नावाचा संगणक आला. त्याचा ताल ६ मेगाहर्ट्झ होता आणि त्यासाठी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवलेला होता. हा स्फटिक डाखाने पक्का केलेला नसून खोबणीत खोवलेला आहे, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आले. थोड्या डॉलरांत १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक आणावा, जुना उपसून नवा खोवावा, आणि महागडे यंत्र एका क्षणात तिसऱ्या हिश्श्याने वेगवान व्हावे, हा खेळ सुरू झाला. कंपनीस तो रुचला नाही. पुढच्या आवृत्तीत तिने आरंभीच्या तपासणीत अशी योजना केली, की ताल अधिक आढळला तर यंत्राने सुरूच होऊ नये. वेग का वाढत नाही, या प्रश्नाचे इतिहासातले एक पहिले उत्तर असे आहे: मालकाने कुलूप घातले म्हणून! ते निसर्गाचे नव्हे, माणसाचे कुलूप होते. १९८६ मध्ये त्याच कंपनीने ८ मेगाहर्ट्झचे एटी यंत्र स्वतःच विकावयास काढले.

कंपन्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या चिपांवरचा छाप खरवडून काढीत, मोठा आकडा छापीत आणि चढ्या दराने विकीत. पेटीवरचा शब्दच खोटा होऊ लागला. यास्तव इंटेलने चिपच्या आतला गुणक पक्का करून टाकला. मदरबोर्डाकडून येणाऱ्या मूळ तालाला कितीने गुणावयाचे, हे यापुढे ग्राहकास बदलता येईना. पण मूळ तालच वाढवला तर? ती वाट मोकळी राहिली होती, आणि १९९८ मध्ये तिच्यावरून मोठी वर्दळ झाली.

त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात इंटेलने सेलेरॉन ३००-ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ताल ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. त्याच्याजवळची जलद स्मृती अवघी १२८ किलोबाइटची. परंतु ती प्रोसेसरच्या अंगातच घडवलेली होती आणि त्याच्याच पूर्ण वेगाने चाले. याउलट, महागड्या पेंटियम-२ मध्ये ही स्मृती चौपट मोठी, पण वेगळ्या चिपांवर आणि अर्ध्या वेगाने चालणारी होती. त्याच वर्षी १०० मेगाहर्ट्झचा मूळ ताल देणारे मदरबोर्ड बाजारात आले होते. १०० ला साडेचाराने गुणले की होतात ४५०! मदरबोर्डाने १०० चा ताल द्यावा म्हणून चिपच्या कडेची बी-२१ क्रमांकाची पट्टी चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकली, की पुष्कळशा मदरबोर्डांवर काम होई. सर्वांत महागड्या पेंटियम-२ चा वेग त्या वेळी ४५० च होता. आणि त्याच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळणारी ही चिप अनेक कामांत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहत होती. जो आनंद पायरी आंब्याच्या भावात हापूस मिळाल्याने होतो, तो जगभरच्या विद्यार्थ्यांना झाला.

परंतु सर्वांना नव्हे. काहींच्या चिपा ४५० वर अडून बसत. आणि येथेच रोगपरीक्षेचे शास्त्र जन्मास आले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पहिला धडा लोक असा शिकले, की जे अडते ते प्रोसेसरच असेल असे नाही. मूळ ताल वाढवला की तो एकट्या प्रोसेसरचा वाढत नाही. त्याच तालावर स्मृतीच्या पट्ट्या चालतात आणि त्याचाच भागाकार होऊन पडद्याच्या कार्डाला व हार्ड डिस्कला ताल मिळतो. ६६ साठी बनवलेल्या जुन्या स्मृतिपट्ट्या १०० च्या तालावर धापा टाकीत, आणि दोष बिचाऱ्या प्रोसेसरवर येई.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. १०० चा ताल जमत नाही, म्हणून काही सावध मंडळी मधल्या पायरीवर, ८३ वर, येऊन थांबत. वेग ३७४ च्या आसपास. वाटावे की हे अधिक सुरक्षित. प्रत्यक्षात ते अधिक धोक्याचे होते. हार्ड डिस्क ज्या मार्गाने जोडलेली असते त्याचा नेमून दिलेला ताल ३३ मेगाहर्ट्झ. मूळ ताल ६६ असता तो दोनाने भागून ३३ होतो. १०० असता मदरबोर्ड तिनाने भागतो, पुन्हा ३३ च. पण ८३ ला दोनानेच भागले जाई, आणि बिचाऱ्या हार्ड डिस्कला साडेएकेचाळीसचा ताल बसे. परिणामी प्रोसेसर सुखात आणि लिहून ठेवलेल्या फायली मात्र नासलेल्या, असा प्रकार होई. मध्यममार्ग नेहमीच सुरक्षित असतो, या आपल्या समजुतीला हा एक चांगला अपवाद आहे. कोणता भाग कोणत्या तालावर चालला आहे याचा हिशेब मांडल्यावाचून सावधपणालाही अर्थ राहत नाही.

शेजाऱ्यांची निर्दोषता सिद्ध झाली, की मग खुद्द प्रोसेसरकडे वळावयाचे. येथे औषधे दोनच: व्होल्टेज आणि थंडावा. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टरचे खटके अधिक चपळाईने उघडझाप करतात आणि लांब वाटेवरचा संकेत वेळेत पोहोचतो. सेलेरॉनला २.० व्होल्ट नेमलेले असत, लोक २.२ देऊन पाहत. पण वीज वाढली की उष्णता वाढते, आणि ती साध्या प्रमाणात वाढत नाही. तालाच्या पटीत एकदा आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत पुन्हा, अशी ती वाढते. ताल एकदशांशाने व व्होल्टेजही एकदशांशाने वाढवले, तर उष्णता जवळजवळ एकतृतीयांशाने वाढते. आणि तापलेले ट्रान्झिस्टर मंदावतात! म्हणजे ज्या औषधाने वेग यावा, तेच एका मात्रेपलीकडे वेग खाऊ लागते.

यातून अनुभवी लोकांनी एक साधी कसोटी काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. व्होल्टेज किंचित वाढवल्यावर यंत्र पुढे सरकले, तर अडचण वाटेच्या लांबीची आहे, असे समजावे. व्होल्टेज वाढवल्यावर ते उलट मागे हटले, तर अडचण उष्णतेची. पंखा, धातूचा ठोकळा आणि त्या दोहोंखालचा लेप तपासावा. आणि काहीही केले तरी आकडा तसूभर हलत नसेल, तर दोष अन्यत्र आहे: स्मृतीत, मदरबोर्डात किंवा वीज पुरवणाऱ्या पेटीत. जानेवारीच्या पहाटे चालणारे यंत्र मे महिन्याच्या दुपारी अडते, हेही एक निदानच आहे. कारण पंखा चिपला खोलीतल्या हवेहून थंड कधीच करू शकत नाही. वैद्य नाडी पाहतो, पथ्य सांगतो आणि एकदम चार औषधे देत नाही. तीच ही पद्धत होय.

तथापि या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, आणि तो पुष्कळांना उशिरा सुचला. यंत्र चालते आहे, हे खरे. पण ते बरोबर चालते आहे का? संपूर्ण बंद पडणारे यंत्र प्रामाणिक असते. ते आपली असमर्थता बोलून दाखवते. परंतु सीमारेषेवर चालणारे यंत्र हसतमुखाने खोटे बोलते. कोट्यवधी बेरजांत एखादी चुकते; पडद्यावर सारे ठीक दिसते; चुकलेला आकडा मात्र हिशेबात, चित्रात किंवा फायलीत शिरून बसलेला असतो. यावर उपाय मिळाला तो शुद्ध गणिताकडून. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन जातीच्या प्रचंड मूळसंख्या शोधण्याचा एक सार्वजनिक उपक्रम आरंभला. आपले संगणक रिकामे असतील तेव्हा लोकांनी या गणितास द्यावेत, अशी कल्पना. गणित आठवडेच्या आठवडे चालावयाचे, त्यात एक चूक झाली तरी सर्व श्रम फुकट. म्हणून त्यांच्या प्राइम-९५ या प्रोग्रॅममध्ये एक छळपरीक्षा ठेवलेली होती: ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते यंत्राकडून तासन्‌तास करून घ्यावयाची आणि उत्तर ताडून पाहावयाचे. हौशी लोकांनी ही परीक्षा उचलली. मूळसंख्यांच्या शोधासाठी केलेली कसोटी प्रोसेसरच्या प्रामाणिकपणाची कसोटी झाली.

आता हाच प्रसंग मोठ्या रंगभूमीवर कसा घडला ते पाहा. १९९९-२००० या काळात एएमडी आणि इंटेल या दोन कंपन्यांत १ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके, प्रथम कोण गाठतो याची शर्यत लागली होती. ६ मार्च २००० रोजी एएमडीने अ‍ॅथलॉन पुढे करून ती जिंकली. दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणला. पुन्हा आघाडी मिळवावी या ईर्षेने ३१ जुलै २००० रोजी इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ जाहीर केला. आराखडा तोच, कारागिरी तीच, १८० नॅनोमीटरची. फक्त व्होल्टेज थोडे वाढवलेले. म्हणजे, स्पष्ट सांगावयाचे तर, हौशी पोरे घरी जे करीत होती तेच कारखान्याने स्वतः करून त्यावर आपला शिक्का मारला होता.

टॉमास पाब्स्ट या नावाचे, वैद्यकाचे शिक्षण घेतलेले, एक जर्मन गृहस्थ संगणकाच्या भागांची परीक्षणे लिहीत. त्यांच्याकडे आलेला नमुना नीट चालेना. अमेरिकेतील काइल बेनेट यांनाही तोच अनुभव आला. इतर काही परीक्षकांकडचे नमुने मात्र चालत होते, म्हणून प्रथम शंका या दोघांच्याच यंत्रांवर घेतली गेली. पण नेटाने तपास करता एक खूण सापडली. नेहमीची खेळाची वा लेखनाची कामे हा प्रोसेसर करी. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा मूळ लिखाणातून यंत्रभाषेत उतरवण्याचे काम दिले, की तो अडखळे. त्या कामात शेकडो फायली ओळीने तपासाव्या लागतात आणि एक अंकही चुकलेला खपत नाही. मूळसंख्यांच्या परीक्षेचेच हे दुसरे रूप म्हणावयाचे. इंटेलने आपल्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग केला आणि दोष मान्य केला. ऑगस्ट २००० च्या अखेरीस विकलेले प्रोसेसर परत मागवण्यात आले. चिपच्या आतल्या काही वाटा विशिष्ट तापमानात त्या वेगाला पुऱ्या पडत नव्हत्या. पुढे १३० नॅनोमीटरची नवी कारागिरी साधल्यावर २००१ मध्ये हाच वेग पुन्हा आला आणि तेव्हा तो टिकला.

या प्रसंगी हार कोणाची झाली असे मानावयाचे? माझ्या मते ती पेटीवरच्या आकड्याची झाली आणि जीत तपासून पाहणाऱ्याची झाली. दोन खाजगी माणसे हातातल्या नमुन्याशी इमान राखून राहिली, म्हणून एका बलाढ्य कंपनीला आपला शब्द परत घ्यावा लागला. आणि कंपनीच्या पदरीही हे श्रेय घातले पाहिजे, की प्रयोग तिने पुन्हा करून पाहिला आणि निकाल झाकून ठेवला नाही.

आता तिसरा आणि शेवटचा प्रसंग. १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार सुंदर नियम दाखवून दिला होता. ट्रान्झिस्टर लहान करीत न्यावा आणि त्याच प्रमाणात त्याचे व्होल्टेजही उतरवावे. म्हणजे तो वेगवान होतो, त्याच जागेत अधिक मावतात आणि तरीही दर चौरस मिलिमीटरला उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षे उद्योगाचा संसार या नियमावर सुखाने चालला. १९८१ चे ४.७७ मेगाहर्ट्झ २००४ मध्ये ३,८०० झाले. तेवीस वर्षांत सुमारे आठशे पट! असा वेग पाहून कोणाचीही दृष्टी फिरावी. इंटेलने नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम-४ काढला, तोच मुळी उंच तालासाठी. प्रत्येक काम वीस बारीक टप्प्यांत तोडले, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वाट आखूड झाली आणि ठोका जलद देता आला. या घराण्याला १० गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची भाषा तेव्हा चालू होती.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. २००१ मध्ये त्याच कंपनीचे पॅट गेल्सिंगर यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील अभियंत्यांच्या परिषदेत सांगितले होते, की हाच क्रम चालू ठेवला तर चिपच्या पृष्ठभागावरील उष्णता अणुभट्टीच्या, पुढे अग्निबाणाच्या नळीच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला जाईल. तरी गाडा पुढे रेटला गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या ९० नॅनोमीटरच्या आवृत्तीत टप्पे एकतीस करण्यात आले. ट्रान्झिस्टर लहान झाले म्हणून चिप थंड व्हावयास हवी होती. उलट ती आधीच्या पिढीहून अधिक तापू लागली. कारण खटके इतके सूक्ष्म झाले होते, की बंद असतानाही त्यांतून वीज पाझरू लागली. नळाची चकती झिजली म्हणजे तोटी आवळूनही पाणी ठिबकत राहते, तसे. ही गळती थांबवावी तर व्होल्टेज आणखी उतरवता येईना, आणि व्होल्टेज उतरले नाही तर डेनार्डचा नियम लागू पडेना. सेलेरॉन घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याने टेबलावर जे पाहिले होते, व्होल्टेज वाढवल्यावर यंत्र मागे हटते, तेच आता साऱ्या उद्योगाने पाहिले. निदानही तेच होते: उष्णता.

मे २००४ मध्ये पेंटियम-४ चा पुढचा वारस रद्द झाला. वर्षअखेरीस ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर देण्याचे वचन होते. ऑक्टोबरमध्ये तेही मागे घेण्यात आले. त्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका मोठ्या सभेत, अर्धे विनोदाने, गुडघे टेकून क्षमा मागितली. विनोद असला तरी दृश्य ऐतिहासिक होते. ३.८ वरून ४ ही केवळ एका पायरीची गोष्ट होती, आणि ती पायरी चढण्याचे एका समर्थ कंपनीने विचारपूर्वक नाकारले.

नाकारून तिने काय केले? निदान खरे असले की उपचारही खरा सापडतो. २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकासाठी एका चिपेत दोन प्रोसेसर घातले. २००६ मधील कोअर-२ चा ताल १.८६ पासून २.९३ गिगाहर्ट्झपर्यंतच होता, पण त्याने ३.८ च्या पेंटियम-४ ला सहज मागे टाकले. कारण प्रत्येक ठोक्यास तो अधिक काम उरकीत होता. एकाचा वेग वाढत नसेल तर अनेकांना जोडीने कामास लावावे, हा विचार आपल्या पुण्याला नवा नव्हता. १९८८ मध्ये येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, तो अनेक साध्या प्रोसेसरांना एकत्र जुंपूनच. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, ही तेथली अडचण होती. येथे अडचण उष्णतेची, तेथे परवान्याची. उत्तर मात्र एकाच जातीचे निघाले. अर्थात् या उत्तरालाही मर्यादा आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच बजावले होते, की कामाचा एकदशांश भाग जर एकट्यानेच करण्यासारखा असेल, तर मदतीला कितीही हात आले तरी वेग दहापटीच्या पलीकडे जाणार नाही.

मग वेग वाढवण्याची हौस संपली काय? ती संपली नाही. तिचे क्षेत्र मात्र आकसले. २००८ पासून इंटेलने अशी योजना केली, की चिप स्वतःच आपले तापमान आणि वीज पाहून क्षणाक्षणाला ताल वर-खाली करते. पूर्वी पेटीत जो सरस आंबा सापडे, तो आता बागायतदारच आधी काढून घेतो. म्हणून आजचा हौशी मनुष्य वेग थोडासा वाढवतो न वाढवतो तोच यंत्र अडते. द्रवरूप हेलियम ओतून, शून्याखाली अडीचशे अंशांहून अधिक थंडीत, २०२२ मध्ये काही साहसी मंडळींनी ९ गिगाहर्ट्झची रेषा क्षणभर ओलांडून दाखवली; पण तो विक्रम झाला, व्यवहार नव्हे. व्यवहारातला आकडा २००४ च्या ३.८ वरून २०२४ मध्ये ६.२ पर्यंत आला, तोही निवडक क्षणांपुरता. आधीच्या तेवीस वर्षांत आठशे पट आणि नंतरच्या वीस वर्षांत दुपटीहूनही कमी, असा हा हिशेब आहे. ३.८ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम चार बोटे अंतर कापतो, हे लक्षात घेतले म्हणजे तक्रार करावीशी वाटत नाही.

आणि जुना धडा अजून कोणी विसरू नये, म्हणून की काय, २०२४ मध्ये त्याची उजळणी झाली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही उच्च प्रतीचे प्रोसेसर महिन्यामहिन्यांनी बिघडू लागले. तपासाअंती कंपनीने सांगितले, की चिप प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होती, आणि त्या अतिरेकाने, उष्णतेच्या जोडीने, तिच्या आत ताल पोहोचवणारी रचनाच अकाली जीर्ण होत होती. दुरुस्तीचा उपाय वाटण्यात आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. लय वाढवण्यासाठी इतका जोर दिला, की ठेका धरणारा हातच दुखावला!

श्रोतेहो, या इतिहासातून मी एवढेच घेतो. यंत्र अडले म्हणजे ते आपल्याशी वैर करीत नाही. आपण पाहिली नाही अशी एखादी गोष्ट ते दाखवीत असते. कधी ते शेजाऱ्याचे दुखणे असते, कधी माणसाने घातलेले कुलूप असते, कधी उष्णता, आणि कधी खुद्द निसर्गाची वेस. यांपैकी कोणते, हे एकेक गोष्ट बदलून, ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून, शोधावे लागते. कुलूप असेल तर उघडण्याचा यत्न करावा. वेस असेल तर दुसरी वाट काढावी. आज बँकेतला आपला हिशेब, रुग्णालयातला तपासणीचा कागद आणि मुलाच्या परीक्षेचा निकाल अशाच तालावर चालणाऱ्या यंत्रांतून येतो. ते यंत्र किती जलद चालते, हे दुकानदार आपणास न विचारता सांगेल. ते बरोबर चालते का, हे मात्र कोणी तरी चिकाटीने तपासावे लागते. आणि १९९८ ची पोरे, २००० चे ते दोन परीक्षक हे तपासणाऱ्यांच्या त्या परंपरेतले होते, म्हणून त्यांची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.